मसूर स्टेशनचा धडा आणि नोकरीचा अर्ज

अलीकडे आपल्या वस्त्यांमधून, विहारांमधून करिअर मार्गदर्शनाची शिबिरे भरू लागली आहेत. ही चांगली गोष्ट आहे. निकाल लागले की साताऱ्यात, कराडात, मिरजेत, सांगलीत असा एखादा रविवार ठरतो. वंदना होते, सत्कार होतात आणि मग पाहुणा वक्ता उभा राहतो. अशाच एका शिबिरात वक्त्याने मुलांना सांगितले की नोकरी शोधणे अवघड नाही, लहानपणी जे शिकलात तेच वापरा. रांग मोडू नका. मोठ्यांना उलट बोलू नका. कपडे नीटनेटके ठेवा. दिल्याशिवाय घेऊ नका. वाट पाहायला शिका. मुलांनी टाळ्या वाजवल्या. वक्त्याचा हेतू वाईट नव्हता, पण मला प्रश्न पडला की हे लहानपण कोणाचे?

ज्याच्या घरी बाप संध्याकाळी इस्त्रीच्या कपड्यांत ऑफिसातून परत येतो, त्या मुलाने वाट पाहिली तर काहीतरी मिळते. आपल्या मुलांच्या आज्या-पणज्यांनी जन्मभर वाट पाहिली. विहिरीच्या कडेला उभे राहून कोणी वरून पाणी घालील याची पाहिली, बलुत्याची पाहिली. वाट पाहण्यात आपण इतके तरबेज आहोत की ते आणखी शिकवायची गरज नाही. म्हणून म्हणतो, लहानपणीचे धडे नोकरीच्या दारात घेऊन जायला हरकत नाही, पण कोणते धडे न्यायचे आणि कोणते उंबऱ्याबाहेर ठेवायचे हे आधी ठरवले पाहिजे. आणि त्यासाठी पुण्याचा वक्ता लागत नाही. धडा साताऱ्यातच आहे.

७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या नावाने एका मुलाचा साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात प्रवेश झाला. ते आजचे प्रतापसिंह हायस्कूल. २०१७ पासून राज्यात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. भाषणे होतात, फोटो निघतात. पण त्या शाळेत भिवा काय शिकला? बाबासाहेबांनी पुढे स्वतःच्या अनुभवांची काही टिपणे इंग्रजीत लिहिली. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली ती 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने पुस्तिकेच्या रूपात काढली. पाने थोडी आहेत. ज्यांनी वाचली नसतील त्यांनी नोकरीचा अर्ज भरण्याआधी वाचावीत. त्यात शाळेतली दोन चित्रे आहेत. एक गोणपाटाचे. बसायला वेगळे गोणपाट, तेही रोज घरी न्यायचे आणि रोज आणायचे, कारण शाळा झाडणारा गडी त्याला शिवत नसे. दुसरे नळाचे. तहान लागली तर मास्तरांची परवानगी पुरत नव्हती, नळ सोडायला शिपाई लागायचा. शिपाई जागेवर नसला तर पाणी नाही.

शिपायाची वाट पाहण्याची ही सवय आजही आपल्या मुलांच्या अंगात मुरलेली मला दिसते. जत, आटपाडीकडून पोरे येतात, खटाव-माणमधून येतात. हातात पदवी असते, बी.कॉम., बी.एस्सी., एखादा एम.ए. विचारले, काय चालले आहे, तर उत्तर येते : "एका साहेबांना सांगून ठेवलंय, फोन येणार आहे." साहेब म्हणजे कुठला तरी पुढारी, कंत्राटदार, नाहीतर पैसे घेऊन भरती करून देतो म्हणणारा दलाल. सहा महिने, वर्ष, दीड वर्ष. फोन येत नाही. मुलगा नळापुढे उभा आहे आणि शिपाई गावाला गेला आहे. शाळेत हे त्याला कोणी शिकवले नव्हते, घरातून आले आहे. हा धडा बाहेर ठेवायचा.

आता मसूर. कोरेगावच्या पुढचे, कराडच्या अलीकडचे ते रेल्वे स्टेशन आपल्यातल्या कित्येकांनी खिडकीतून पाहिले असेल. १९०१ च्या उन्हाळ्यात रामजीबाबा खटाव तालुक्यात दुष्काळी तलावाच्या कामावर खजिनदार होते. त्यांनी मुलांना सुटीत बोलावले. नवे इंग्रजी पद्धतीचे सदरे, जरीच्या टोप्या, रेशमी काठाची धोतरे असा थाट करून मुले गाडीत बसली आणि मसूरला उतरली. भिवा तेव्हा नऊ-दहा वर्षांचा. न्यायला कोणी आले नव्हते. स्टेशनमास्तर कपडे बघून गोड बोलला. कोण म्हणून विचारले, मुलांनी खरे सांगितले आणि मास्तर पाच पावले मागे गेला. बैलगाडीवाले बाहेर उभे होते, पण महाराची पोरे कोणी घेईना. शेवटी तोड निघाली. भाडे दुप्पट द्यायचे, गाडी मुलांनी स्वतः हाकायची आणि गाडीवान बाजूने पायी चालणार.

आमचा वक्ता म्हणाला होता, कपडे नीटनेटके ठेवा. ठेवावेतच. पण मसूरला कपड्यांनी नाव विचारीपर्यंतच साथ दिली, एवढे लक्षात असू द्यावे. इंटरव्ह्यूसाठी उसनवारी करून ब्लेझर घेणाऱ्या पोरांना मी हेच सांगतो.

माझ्यासारख्या वकिलाची नजर मात्र दुसऱ्याच गोष्टीवर जाते. न्यायला कोणी का आले नाही? मुलांनी येत असल्याचे पत्र वडिलांना आधी पाठवले होते. ते पोचलेही होते. वडिलांच्या नोकराच्या हातात पडले आणि तो साहेबांना द्यायला विसरला. रामजीबाबांचा दोष नाही, मुलांचा नाही. पत्र पाठवणे आणि पत्र योग्य माणसाच्या हाती पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या एका फरकाने मुलांना रात्रभर तहानेने तळमळावे लागले. कोर्टात निम्मी भांडणे याच फरकावर चालतात.

त्या रात्रीचा आणखी एक प्रसंग आहे. वाटेत टोलनाका होता. महार म्हणून पाणी मिळणार नाही, मुसलमान आहोत म्हणून सांगून बघा, असा सल्ला गाडीवानाने दिला. भिवा गेला आणि उर्दूत बोलला. तरीही पाणी मिळाले नाही. नाव लपवले आणि तहान तशीच राहिली.

हे इतक्या तपशिलाने सांगतो, कारण सोळा वर्षांनी तोच धडा पुन्हा पुढे आला आणि तो थेट नोकरीच्या जागी. १९१७ साली कोलंबिया आणि लंडनहून शिकून आलेले बाबासाहेब करारानुसार बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. महालेखापालाच्या कार्यालयात उमेदवार म्हणून नेमणूक झाली. राहायला जागा मिळेना. पारशी विश्रामगृहात पारशी नाव नोंदवून त्यांनी खोली घेतली. दिवसा कचेरी, रात्री त्या ओसाड माडीवर एकट्याने वाचन. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिन्याने वर आले. दोन मित्रांकडे आसरा मागितला. एकजण हिंदू, तो म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसरा ख्रिस्ती झालेला ब्राह्मण, त्याला बायकोला विचारायचे होते. बाबासाहेब सार्वजनिक बागेत पाच तास बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. कोलंबियात शिकलेला माणूस बागेत सामान घेऊन बसला आहे, हे चित्र आपल्या कुठल्याही शिबिरात कोणी दाखवत नाही.

टोलनाक्यावर उसने नाव कामी आले नाही, बडोद्यातही आले नाही. पुढे बाबासाहेबांनी ते कधी वापरले नाही. मुंबईत त्यांनी शिकवण्या केल्या. शेअर बाजाराविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय काढला. सल्ला देणारा अस्पृश्य आहे असे कळल्यावर गिऱ्हाईक तुटले आणि तो बंद पडला. १९१८ च्या नोव्हेंबरात सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून ते रुजू झाले, ते स्वतःच्या नावाने. तिथेही प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्यावरून कुरबूर झाली. साताऱ्याचा नळ, मसूरची वाट, बडोद्याची कचेरी, मुंबईचे कॉलेज. पाणी काही पाठ सोडत नाही. पण मार्च १९२० पर्यंत ती नोकरी करून, पगारातून पैसे साठवून बाबासाहेब अर्धवट राहिलेल्या शिक्षणासाठी पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये बॅरिस्टर म्हणून मुंबईत उभे राहिले तेव्हा सॉलिसिटर मंडळी कामे देत नव्हती. म्हणून १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या अकौंटन्सी संस्थेत त्यांनी व्यापारी कायदा शिकवला. मसूरची बैलगाडी इथे दिसते. गाडीवान बसत नाही ना, मग कासरा आपल्या हातात घ्यायचा. भाडे दुप्पट पडते, हेही खरे. आपल्या माणसाला प्रत्येक गोष्टीचे भाडे दुप्पट पडते आणि ही तक्रार करण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

कोणी म्हणेल, ही शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट झाली, आता नावावरून कोण विचारतो? तर ऐका. डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी ऑक्टोबर २००५ पासून ६६ आठवडे एक प्रयोग केला. वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४ हजार ८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखे, अनुभव सारखा, फरक फक्त नावाचा. उच्चवर्णीय हिंदू नावाला पुढचे बोलावणे येण्याचे प्रमाण १०० धरले तर दलित नावाला ते ६७ भरले आणि मुसलमान नावाला ३३. हा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. टोलनाक्यावर मुसलमान व्हायला सांगणाऱ्या गाडीवानाने हा शेवटचा आकडा पाहायला हवा होता.

म्हणूनच मुले आडनाव बदलतात. गावाच्या नावाला 'कर' लावतात. त्यांना हिणवणाऱ्यांतला मी नाही. राजपत्रात प्रसिद्ध करून नाव बदलणे हा कायद्याने दिलेला अधिकार आहे आणि 'आंबेडकर' हे आडनावही गावावरूनच आलेले आहे. माझे म्हणणे वेगळे आहे. नाव बदला, पण लपू नका. लपलेला माणूस कचेरीत दबून राहतो. १४ एप्रिलची रजा तो आजारपणाच्या नावाखाली टाकतो. बढतीचे विचारायला घाबरतो, कारण विचारणा झाली की फाईल उघडेल आणि फाईलमध्ये जातीचा दाखला आहे. बडोद्यातले ते अकरा दिवस तो तीस वर्षे जगतो. अशी माणसे मी पाहिली आहेत. चांगल्या हुद्द्यावरची, चांगल्या पगाराची, आणि सोसायटीच्या जिन्यात पावले वाजली की दचकणारी.

आता त्या पत्राच्या धड्याकडे येतो, कारण माझा रोजचा अनुभव तिथे आहे. माझी आई तासगाव भागात द्राक्षबागेत मजुरीला जायची. ती शाळेत गेली नव्हती. पण रोज रात्री चुलीच्या मागच्या भिंतीवर कोळशाने एक रेघ ओढायची आणि खाडा झाला त्या दिवशी रेघेऐवजी टिंब द्यायची. आठवडी बाजाराच्या दिवशी मुकादमाने पाच दिवसांचे पैसे पुढे केले की ती मला भिंतीवरच्या रेघा मोजायला सांगायची. "सहा हाईत, पोरानं मोजल्यात." मुकादम चडफडत सहाव्या दिवसाचे पैसे द्यायचा. कायद्याचा अभ्यास मी पुढे केला, पण पुरावा म्हणजे काय हे त्या भिंतीवर शिकलो होतो.

नोकरी शोधणाऱ्या आपल्या मुलांजवळ अशी भिंत नसते. अर्ज केला त्याची प्रत नाही. शुल्क भरल्याची पावती मोबाईलमध्ये होती, मोबाईल बदलला. २०२३ च्या तलाठी भरतीत ४ हजार ६४४ जागांसाठी १० लाखांवर अर्ज आले. मागासवर्गीयांनाही ९०० रुपये शुल्क होते. ९०० रुपये म्हणजे बागेतली दोन-तीन दिवसांची मजुरी. ती भरल्याची पावती जपता येत नाही? अर्ज पाठवला की पोच घ्या. कचेरीत हाताने दिला तर दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घ्या. टपालाने पाठवला तर पोच झाल्याची नोंद काढून ठेवा. ईमेल केला तर उत्तराची वाट न पाहता आठवड्याने दुसरा करा. रामजीबाबांच्या नोकरासारखे विसरभोळे लोक प्रत्येक कचेरीत आहेत आणि काही तर मुद्दाम विसरतात.

जातीच्या दाखल्याचेही तसेच. राज्याच्या सेवेत अनुसूचित जाती आणि बौद्ध धर्मांतरित मिळून १३ टक्के आरक्षण आहे. केंद्राच्या सवलती बौद्धांना १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या, पण केंद्राच्या दाखल्यावर १९५० च्या आदेशातली मूळ जात लिहिलेली लागते. ज्याच्या शाळेच्या दाखल्यावर नुसते 'बौद्ध' आहे, त्याला वडिलांची, आजोबांची नोंद शोधावी लागते. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा असेल तर उत्तम. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुक असते, जन्म-मृत्यूची जुनी नोंद असते. काही पाने वाळवीने खाल्लेली, काही मोडी लिपीत. हे काम निवड यादीत नाव आल्यावर सुरू करणारी मुले मी दरवर्षी पाहतो. यादी लागते, पडताळणीसाठी मुदत मिळते आणि आजोबांचे नाव सापडेपर्यंत ती मुदत संपते. पदवीच्या पहिल्या वर्षालाच हे काम करून ठेवावे. बापाने करावे, बापाला जमत नसेल तर विहाराच्या कमिटीने करावे. मिरवणुकीच्या वर्गणीपेक्षा हे काम स्वस्त आहे.

परीक्षेत डावलले असे वाटले तर माहितीचा अधिकार आहे. उमेदवाराला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात मान्य केले. २०१८ मध्ये संघ लोकसेवा आयोगाच्या प्रकरणात तो हक्क बराच आवळला गेला. तरी अर्ज करायला दहा रुपये लागतात, तेवढे खर्चावेत. नोकरी-धंद्यात जातीवरून आडकाठी करणे हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीनंतर गुन्हा ठरतो. खासगी कंपनीत हे सिद्ध करणे किती कठीण आहे ते मला ठाऊक आहे. नकाराचे कारण कोणी लेखी देत नाही. पण कायदाच नाही असे समजून घरी बसू नये.

आणि सगळीच दारे बंद असतील तर? सरकारी जागा कमी होत आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने नऊ एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला होता, ओरड झाल्यावर ऑक्टोबरात तो मागे घेतला. पण मागच्या दाराने कंत्राट चालूच आहे आणि कंत्राटात आरक्षण कोण बघतो? अशा वेळी मला फलटणच्या बेबीताई कांबळे आठवतात. लग्नानंतर नवऱ्याला काम मिळेना. दोघे मुंबईला जाऊन आले, तिथेही जमले नाही. परत आल्यावर बेबीताईंनी घडातून गळालेली सुटी द्राक्षे स्वस्तात घेऊन वस्तीत विकायला सुरुवात केली. त्यातून किराणा मालाचे दुकान उभे राहिले. गिऱ्हाईक मुख्यतः आपल्याच वस्तीचे. माल बांधायला रद्दी यायची, ती त्या वाचायच्या. दुकानात बसून घरच्यांच्या नकळत त्यांनी लिहिले आणि १९८६ साली 'जिणं आमुचं' पुस्तकरूपाने आले. २०१२ मध्ये त्या गेल्या. दुकान हा नोकरीला पर्याय आहे, असे म्हणून सरकारला मोकळे सोडायचे नाही. पण फोनची वाट पाहत दीड वर्ष पारावर बसलेल्या पोराला त्या द्राक्षांच्या पाटीची गोष्ट सांगायला काय हरकत आहे?

शेवटी इंटरव्ह्यूतल्या एका प्रश्नाविषयी. "घरी कोण कोण असतं? वडील काय करतात?" सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातल्या कंपन्यांच्या भरती अधिकाऱ्यांशी बोलून २००७ साली लिहिले आहे की हे अधिकारी गुणवत्तेच्या गोष्टी करतात आणि त्याच दमात कौटुंबिक पार्श्वभूमी बघतात. सांगली-साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतींत वेगळे काही नाही. या प्रश्नाला आपली मुले अडखळतात. बाप शेतमजूर असेल तर 'शेती' म्हणतात. किती एकर असे विचारले की गप्प.

मिरज तालुक्यातली एक मुलगी, एम.कॉम. झालेली, असाच प्रश्न घेऊन माझ्याकडे आली होती. "सर, काय सांगू?" मी म्हटले, आहे ते सांग, फक्त तिथे थांबू नकोस. तिने पुढच्या इंटरव्ह्यूत सांगितले : वडील बँड पथकात क्लॅरनेट वाजवतात, आई द्राक्षबागेत जाते, घराचा जमाखर्च मी सातवीपासून लिहिते, तेव्हा ताळेबंदाचे काही विचारायचे असेल तर विचारा. त्या ठिकाणी तिला घेतले नाही. दुसरीकडे हेच सांगितले आणि कुपवाडला एका कारखान्याच्या हिशेब विभागात ती लागली. नेमणूकपत्र घेऊन ती वडिलांबरोबर आली होती. पेढ्याचा पुडा टेबलावर ठेवून आम्ही पत्र ओळीने वाचले. पगार लिहिला होता, भविष्य निर्वाह निधी लिहिला होता. प्रोबेशन किती महिन्यांचे ते मात्र लिहिले नव्हते. ती जागा मी पेन्सिलीने खूण करून दाखवली. सोमवारी हजर होताना हे लेखी मागून घे, म्हटले. तिने पत्राची झेरॉक्स आधीच काढून आणली होती, ती माझ्याकडे ठेवून गेली.